काकूंचं सोवळं

"काकू पेटल्या का?"

आमच्या लॅबमध्ये सकाळी साडेनऊला हा प्रश्न इतक्या सहज विचारला जायचा, की नव्याने लागलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी जेवणाचा डबा टेबलावर टाकून जिन्यापर्यंत पळाली होती. तिला परत आणून, खुर्चीत बसवून, पाणी देऊन सांगावं लागलं की बाई गं, काकू हे यंत्र आहे. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर. रिपोर्टवर लिहायचं एएएस. मराठीत अणुशोषण वर्णपटमापक की असंच काहीतरी म्हणता येईल, पण तेवढं म्हणून होईपर्यंत सिलिंडरमधला गॅस संपायचा.

नाव आमच्या लॅब असिस्टंटने ठेवलेलं. तो कल्याणला पारनाक्याजवळच्या जुन्या वाड्यात वाढला. तिथे समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या. सोवळ्यात असल्या की पोरांनी चार हात लांबून जायचं, आणि चुकून पदराला हात लागला तर पुन्हा विहिरीवर. यंत्र आलं त्या आठवड्यात याने न धुतलेल्या फ्लास्कमधलं पाणी त्याला पाजलं आणि जस्ताचा आकडा छपराला भिडला. तेव्हा तो कपाळावर हात मारून म्हणाला, "ही तर आमची काकूच!" झालं.

काकू आमच्याकडे सेकंडहँड आल्या. अंबरनाथच्या एमआयडीसीत एक कंपनी बंद पडली, तिच्या लॅबचं सामान निघालं, त्यात या. रंग मूळचा दुधाळ असावा, आमच्याकडे येईपर्यंत जुन्या फ्रीजसारखा पिवळट झाला होता. ओट्यावर ऐसपैस चार फूट जागा अडवून बसलेल्या. डोक्यावर धूर ओढायचं पत्र्याचं धुराडं, टेबलाखाली दम्याच्या पेशंटसारखा खोकणारा कॉम्प्रेसर, आणि मागे भिंतीला साखळीने बांधलेला ॲसिटिलीनचा लालसर तपकिरी सिलिंडर. त्या सिलिंडरची नळी तांब्याची असून चालत नाही. ॲसिटिलीन आणि तांबं एकत्र आले तर स्फोटक क्षार तयार होतो. दिवसभर तांबं मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात तांबं वर्ज्य, याची मला नेहमी गंमत वाटायची.

पेटल्यावर मात्र काकू सुंदर दिसत. बर्नरवर दहा सेंटिमीटर लांबीची बारीक फट असते. त्यातून निळी, करवतीच्या पात्यासारखी पातळ ज्योत उभी राहते. तापमान साधारण २३०० अंश सेल्सिअस. एक केसाएवढी नळी नमुन्याच्या बाटलीत बुडवली की काकू ते पाणी मिनिटाला चार-पाच मिलिलिटर या गतीने ओढून घेतात, त्याचा फवारा करतात आणि ज्योतीत सोडतात. पाणी उडतं, क्षार फुटतात, धातूचे सुटे अणू उरतात. ज्योतीच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. शिसं बघायचं तर शिशाचा दिवा लावायचा. त्या दिव्यातली कॅथोडची वाटीच शिशाची असते, त्यामुळे तो शिशाचा खास प्रकाश टाकतो, २८३.३ नॅनोमीटरचा. हा प्रकाश ज्योतीतले शिशाचे अणू गिळतात. शेजारून तांब्याचे, लोखंडाचे, कॅल्शियमचे अणू लाखोंनी जात असतात, ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पलीकडच्या डोळ्याला प्रकाश जेवढा कमी पोचला, तेवढं शिसं जास्त. एवढाच सगळा खेळ.

तो सुचला ॲलन वॉल्श या माणसाला, ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. १९५२ च्या मार्चमधली रविवारची सकाळ, गडी घरच्या बागेत खुरपत होता. तोवर लोक ज्योतीत धातू जाळून त्याचा *निघणारा* प्रकाश मोजत. वॉल्शच्या मनात आलं, आपण उलटं का करत नाही, अणूने *गिळलेला* प्रकाश का मोजत नाही? १९५५ मध्ये त्याने निबंध छापला. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा फ्राउनहोफरने १८१४ मध्येच पाहून ठेवल्या होत्या. त्या म्हणजे सूर्याभोवतीच्या अणूंनी गिळलेला प्रकाश. म्हणजे सूर्य हे काम आधीपासून करत होता, काकूंनी फक्त ते ओट्यावर आणलं.

आता सोवळं.

काकूंसाठीचं प्रत्येक भांडं आदल्या रात्री दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवून ठेवायचं. सकाळी काढून डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळायचं. नळाचं पाणी नाही. घासायला काथ्या नाही, तारेची घासणी तर नाहीच. धुतलेलं भांडं फडक्याने पुसायचं नाही, उपडं घालायचं. पावडर लावलेले रबरी हातमोजे चालत नाहीत, त्या पावडरीत जस्त असतं. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. घामाचा थेंब पडला तर सोडियममुळे ज्योत लगेच पिवळीधमक होते आणि काकू रागावल्या हे खोलीभर कळतं. कुंकवावरून तर मी स्वतः बोलणी खाल्ली आहेत. बाजारातल्या काही शेंदरांत शिशाचं ऑक्साइड असतं. शिशाचे नमुने असतील त्या दिवशी टिकली लावून या, असं सिनियर सांगायचे. आमच्यातल्या एका बाईंच्या सासूबाईंना हे पटवून देणं अणुशोषणाच्या सिद्धांतापेक्षा अवघड गेलं.

हे सगळं करूनही काकूंचा विश्वास बसत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला त्यांना एक 'ब्लँक' द्यायचा. म्हणजे नमुना सोडून बाकी सगळं: तेच ॲसिड, तीच हॉटप्लेट, तोच फिल्टर पेपर, तीच बाटली. त्यात जो आकडा येईल तो आपला स्वतःचा मळ. तो नमुन्यातून वजा करायचा. या ब्लँकबद्दल मला फार आदर आहे.

एकदा बदलापूरकडचे एक शेतकरी काका माती घेऊन आले. भेंडीचं पान पिवळं पडत होतं, कुणीतरी सांगितलं जस्त कमी असेल. जमिनीतलं पिकाला मिळण्यासारखं जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली असलं तर कमतरता धरतात. त्यासाठी डीटीपीए नावाच्या द्रावणात दहा ग्रॅम माती दोन तास हलवायची, गाळायची आणि काकूंना पाजायची. काकांच्या मातीत जस्त एवढं निघालं की भेंडीऐवजी पत्रे उगवावेत. मी दोनदा मोजलं, तेच. मग त्यांना फोन करून विचारलं, माती वाळवली कशात? "घमेल्यात की. नवं आणलंय." नवं, पांढरंशुभ्र, जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं. त्यात ओली माती दोन दिवस उन्हात. काकूंनी जे विचारलं त्याचं उत्तर अचूक दिलं होतं. त्यांना विचारलं गेलं होतं घमेल्याबद्दल. काकांनी दुसऱ्या खेपेला लाकडी खुरप्याने माती काढून गोणपाटावर सावलीत वाळवून आणली. जस्त खरंच कमी निघालं.

काकूंचा स्वभावच हा. विचाराल तेवढंच सांगणार. तांब्याचा दिवा लावलात तर नमुन्यात शिशाचा गोळा असला तरी त्या हूं की चूं करणार नाहीत. आमच्या सिनियरांच्या भाषेत, काकू साक्षीदार चांगल्या आहेत, पण उलटतपासणी घेणारा वकील धड हवा.

रुळालगतच्या पालकाच्या वेळी मला हे नीट कळलं. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत लोकल जाते तेव्हा दारातून दोन्ही बाजूंना भाजीचे वाफे दिसायचे. रेल्वेची जमीन 'ग्रो मोअर फूड' योजनेखाली भाजीला दिली जायची, तिथला पालक आणि लाल माठ इतका हिरवा-लाल दिसायचा की डोळे निवायचे. पाणी कुठून येतं ते दारातल्या माणसाला वासावरून कळायचं. कॉलेजच्या दोन मुली प्रोजेक्टसाठी असाच पालक घेऊन आल्या. मुळासकट, चिखलासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. पहिला प्रश्न मी त्यांना टाकला: धुवायचा का?

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. पाठ्यपुस्तकातली पद्धत म्हणजे आधी नळाचं पाणी, मग पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग डिस्टिल्ड पाणी. तसा धुतला तर पानाच्या आत झाडाने ओढून घेतलेला धातू कळतो. न धुता घेतला तर पानावरची धूळ, इंजिनाचा धूर, नाल्याचा शिंतोडा, सगळं मिळून कळतं. पण विठ्ठलवाडीची गृहिणी पालक तिसऱ्याच पद्धतीने धुते, टोपात दोनदा बुडवून. पोटात जातं ते या तिसऱ्या पालकातलं. काकूंना तिन्ही सारखे. शेवटी आम्ही तिन्ही केले.

धुतलेला पालक ओव्हनमध्ये ७० अंशांना सुकवला. शंभर ग्रॅमचे आठेक ग्रॅम उरले, बाकी पाणीच होतं. पोर्सेलीनच्या खलात कुटून एक ग्रॅम बीकरमध्ये घेतला. त्यावर नायट्रिक ॲसिड घालून रात्रभर तसाच ठेवला. हे रात्रभर ठेवणं टाळायचं नाही, कारण पुढे पर्क्लोरिक ॲसिड घालायचं असतं आणि पानात तेलकट अंश कच्चा राहिला तर पर्क्लोरिक भडकतं. सकाळी फ्यूम हूडमध्ये हॉटप्लेटवर चढवला. आधी गर्द तपकिरी धूर निघाला, वीटभट्टीसारखा. मुली मागे सरल्या. हिरवा रंग पिवळा झाला, पिवळ्याचा फिका झाला. मग पर्क्लोरिक, नायट्रिकच्या नऊला चार या प्रमाणात. तपकिरी धूर जाऊन पांढरा, दाट धूर आला आणि बीकरच्या तळाशी चमचाभर स्वच्छ पाणी उरलं. पालक म्हणून ओळखू येईल असं काहीच नाही. मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "मॅडम, याची भाजी केली असती तर बरं." ते पाणी व्हॉटमन ४२ मधून गाळलं, पन्नास मिलिलिटर केलं आणि काकूंपुढे ठेवलं.

आकडा काय आला ते मी इथे लिहीत नाही. एका पिशवीवरून एखाद्या शेताला नाव ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण त्या आकड्याचं पुढे काय झालं ते सांगते. मुलींनी काकूंचा आकडा घेतला, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची पालेभाजीतल्या शिशाची मर्यादा घेतली, किलोला ०.३ मिलिग्रॅम, आणि भागाकार करून 'अनेक पट' असं प्रोजेक्टमध्ये लिहून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, थांबा. मर्यादा आहे ताज्या, ओल्या भाजीसाठी. काकूंना आपण दिला वाळवलेला. समजा वाळक्या पालकात किलोला ३ मिलिग्रॅम शिसं आलं, तर ओल्या पालकात ते ०.२४ होतं आणि भाजी पास होते. वाळक्यात ५ आलं तर ओल्यात ०.४, नापास. त्यामुळे पट काढायच्या आधी ओलं की वाळलेलं हे बघा. बातम्यांमध्येही भाजीच्या आकड्यापुढे 'वाळलेल्या वजनावर' हे शब्द असतात का ते मी तेव्हापासून शोधते. बहुधा नसतात. याचा अर्थ नाल्यावरची भाजी निर्धोक आहे असा कुणी घेऊ नये. मी घेत नाही, आणि विकतही घेत नाही.

वालधुनीचं पाणी काकूंकडे नेहमी यायचं. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरातून ही नदी येते, काकोळ्याच्या रेल्वेच्या तलावाखालून अंबरनाथला उतरते, शिवमंदिराला खेटून पुढे उल्हासनगर आणि कल्याणकडे जाते. शिवमंदिर शिलाहारांचं, त्यावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. माम्वाणी राजाचं नाव त्यात आहे. गाभारा सभामंडपापेक्षा खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. आत उतरलं की दगडाचा गारवा आणि बेलाचा वास. बाहेर आलं की वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून. महाशिवरात्रीच्या जत्रेत हजारो माणसं काठावर रांगा लावतात आणि रांगेतली म्हातारी माणसं, आम्ही इथे पोहायचो, हे सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

नदीच्या गाळात तांबं सापडलं की पोरं खूश व्हायची: सापडला गुन्हेगार! सिनियर त्यांना मंदिराकडे बोट दाखवायचे. ते मंदिर काळ्या पाषाणाचं आहे. हा आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट. त्यात किलोला शंभर मिलिग्रॅमच्या वर तांबं असणं नवलाचं नाही, निकेल आणि क्रोमियमही असतं. मंदिराचा खांब कुटून काकूंना दिला तर त्याही तांबं आहे म्हणतील. म्हणून शिलाहारांवर प्रदूषण मंडळाची नोटीस काढायची का? तेव्हा आधी वर जायचं, कारखान्यांच्या वर, काकोळ्याच्या बाजूचा गाळ आणायचा. मग मंदिराजवळचा, मग उल्हासनगरच्या खालचा. वरच्यापेक्षा खालच्यात जे वाढलं ते माणसाचं. या वरच्या नमुन्यासाठी रिक्षाचे पैसे द्यायला आमच्या ऑफिसात कायम कुरकुर असायची. खालचा नमुना तर पायी जाऊन आणता येत होता.

आणि विचारायचं कुठल्या धातूंबद्दल? गिऱ्हाईक फॉर्मवर ठरलेलं पॅकेज टिक करायचं: शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त. उल्हासनगरात जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते तेव्हा जीन्सला मांडीवर पांढुरका, झिजलेला रंग आणायला पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारत. परमँगनेट म्हणजे मँगनीज. नाला जांभळट-निळा वाहायचा आणि मँगनीजचा दिवा आमच्या कपाटात खोक्यात पडून असायचा, कारण तो पॅकेजमध्ये नव्हता. क्रोमियमचीही तीच कथा. मुलामा देण्याच्या कारखान्यातून येतं ते सहा संयुजेचं क्रोमियम विषारी, कातडी आणि फुप्फुस दोन्हीला वाईट. तीन संयुजेचं त्यामानाने गरीब. काकूंच्या ज्योतीत दोघांचं एकच भस्म होतं आणि त्या दोघांची बेरीज सांगतात. सहाचं वेगळं हवं असेल तर ज्योत बाजूला ठेवून डायफेनिल कार्बाझाइड घालून जांभळा रंग मोजायचा. ही जुनी, स्वस्त पद्धत काकूंच्या नाकावर टिच्चून बरोबर उत्तर देते.

२०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस रात्रीच्या अंधारात कुणीतरी वालधुनीत रसायन ओतलं. उल्हासनगरात काठावरच्या शेकडो माणसांना श्वास लागला, डोळे चुरचुरले, दवाखाने भरले. त्या दिवशी काकूंना कुणी विचारलं असतं तरी त्यांना काही सांगता आलं नसतं. वायू त्यांना कळत नाही, वास त्यांना येत नाही. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अशा खटल्यांत कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी तळाशी काकूंसारख्या यंत्रांचे आकडे असतात. वकील त्यावर तासन्‌तास बोलतात. आकडा काढताना बाटली कुणी भरली, ॲसिड घालून टिकवली का, हे फार कमी वेळा विचारलं जातं.

पाऱ्याच्या बाबतीत टिकवणं फार महत्त्वाचं. पाऱ्याचा नमुना साध्या प्लास्टिकच्या बाटलीत नुसता ठेवला तर पारा भिंतीला चिकटतो, उडतो, आणि दोन दिवसांनी पाणी निर्दोष सुटतं. पाऱ्याला ज्योतही लागत नाही. स्टॅनस क्लोराइड घातलं की तो थंडच वाफ होऊन वर येतो. काकूंना त्यासाठी वेगळी काचेची नळी जोडावी लागे, आणि त्या दिवशी त्या पेटत नसत. असिस्टंटच्या भाषेत काकूंची एकादशी. आपल्या उल्हास खाडीचा पारा तर शास्त्रीय साहित्यात पोचलेला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या संशोधकांनी खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर २००३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. हा पारा मुख्यतः कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांतून आलेला. पाणी वाहून जातं, पण गाळ थरावर थर साचत राहतो, कुठल्या काळात किती सोडलं त्याची खतावणी असल्यासारखा.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र तीन अक्षरांवरून व्हायची: बीडीएल. 'बिलो डिटेक्शन लिमिट'. एका सोसायटीचे सेक्रेटरी बोअरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन आले, दुसऱ्याच कुठल्या तरी लॅबचा. शिशापुढे बीडीएल. "म्हणजे शिसं नाही ना मॅडम? नोटीसबोर्डावर लावू?" मी म्हटलं, मोजलं कशावर ते बघू. ज्योतीच्या एएएसवर. आता पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. ज्योतीवर काकूंची नजर शिशाला ०.१ च्या खाली फारशी भरवशाची नाही. म्हणजे मर्यादेच्या सहापट, आठपट शिसं असलं तरी काकू प्रामाणिकपणे 'मला दिसत नाही' म्हणणार, आणि रिपोर्टवर बीडीएल छापून येणार. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तांदळातले खडे निवडायला बसवायचं आणि ताट स्वच्छ आहे म्हणून नोटीस लावायची, असला प्रकार. सेक्रेटरी जरा घुश्शात म्हणाले, मग पैसे कशाचे घेतात? प्रश्न रास्त होता. पाण्यासाठी याहून बारीक बघणारं यंत्र, ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस, हवं, आणि रिपोर्टवर बीडीएलच्या शेजारी ती लिमिट आकड्यात लिहिलेली हवी. ज्या रिपोर्टवर ती नाही तो मी हातात घेऊन परत देते.

काकूंचा खरा राग मी एकदाच पाहिला. भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली, धुराडं बंद, कॉम्प्रेसर बंद. ज्योतीखालून जाणाऱ्या उष्ट्या पाण्याच्या नळीला वळसा देऊन त्यात नेहमी पाणी भरून ठेवायचं असतं, म्हणजे गॅस मागे जात नाही. त्या दिवशी तो वळसा कोरडा होता. कुणी भरला नव्हता हे सांगण्यात अर्थ नाही, पाळी माझी होती. वीज आल्यावर मी पेटवायला गेले आणि 'फाड्' असा आवाज होऊन बर्नरचं डोकं उडून धुराड्यावर आदळलं. मला काही झालं नाही. भुवईचे चार केस गेले. असिस्टंट शांतपणे आला, बर्नर उचलला आणि म्हणाला, "पदराला हात लागला."

त्या उष्ट्याबद्दलही सांगायला हवं. काकू जेवढं पाणी ओढतात त्यातलं दहा टक्केच ज्योतीपर्यंत पोचतं. बाकीचं नव्वद टक्के खालच्या नळीने वीस लिटरच्या कॅनमध्ये गळतं. त्यात गिऱ्हाइकाचे नमुने असतात, शिवाय आमचे स्टँडर्ड: शिसं, कॅडमियम, निकेल, मुद्दाम विकत घेतलेलं, लिटरला १००० मिलिग्रॅमच्या बाटलीतून पातळ केलेलं. नियम असा की हा कॅन घातक कचरा म्हणून तळोज्याच्या प्रकल्पाला पाठवायचा. मी काम केलं त्यातल्या एका लॅबमध्ये सुरुवातीची काही वर्षं तो कॅन संध्याकाळी बेसिनमध्ये रिकामा व्हायचा, वर नळ सोडून. बेसिनची नळी गटारात, गटार नाल्यात, आणि नाला कुठे ते वर लिहिलंच आहे. सकाळी आम्ही नायट्रिकमध्ये भांडी सोवळी करायचो, संध्याकाळी उष्टं नदीत. तेव्हा मला यात विसंगती दिसली नव्हती. ब्लँक काढायची सवय इतकी हाडीमाशी भिनली असूनही तो एक ब्लँक मी कधी काढला नाही.

पुढे आयसीपी-एमएस आलं. आर्गॉन वायूचा प्लाझ्मा, हजारो अंशांचा, एका घोटात तीस-चाळीस धातू, अब्जात एका भागाच्याही खाली नजर. दिवा बदलायला नको, एका वेळी एकच प्रश्न विचारायचं बंधन नको. मोठ्या लॅबमध्ये हे आल्यावर गिऱ्हाईक तिकडे वळलं. नव्या सूनबाईंचंही सोवळं आहेच, उलट जास्त कडक. तिला ॲसिडसुद्धा साधं चालत नाही, अतिशुद्ध लागतं. पण ती बोलते फार. चाळीस आकडे एकदम समोर आले की पोरं त्यातले मर्यादेबाहेरचे लाल करतात आणि बाकीच्यांकडे बघत नाहीत. काकूंच्या वेळी दिवा लावायचा, वीस मिनिटं तापू द्यायचा, त्या वीस मिनिटांत निदान आपण कशाला हे विचारतोय एवढं डोक्यात यायचं. हे माझं म्हातारपणाचं बोलणं असेल.

लॅब नव्या जागेत हलली तेव्हा काकूंना घेऊन जायचं नाही असं ठरलं. सुटे भाग मिळत नव्हते, दिव्यांपैकी चारच धड लागत होते. एका कॉलेजला देऊ म्हटलं, त्यांना सिलिंडरसाठी जागेची परवानगी मिळेना. शेवटी उल्हासनगरचा एक भंगारवाला आला. सोबत हातगाडी आणि एक पोरगा. काकूंचं वरचं झाकण त्याने स्क्रू ड्रायव्हरने काढलं, खिशातून दोरीला बांधलेलं चुंबक काढून इकडेतिकडे लावलं. लोखंडाला चिकटलं, ते एका बाजूला. बर्नरला चिकटलं नाही. त्याने खिशातून कानस काढून बर्नरच्या कडेला एक ओरखडा मारला, अंगठ्याने पुसून उजेडात धरला.

"टायटॅनियम," तो म्हणाला. मग आत वाकून वायरिंगच्या जुडग्यावर कानस घासली, लालसर रंग बघितला आणि माझ्याकडे न बघता पोराला सांगितलं, "तांबं पावणेदोन किलो धर."

ब्लँक न काढता.